चाकरमानी

चाकरमानी : नोकरीनिमित्त मुंबईस राहणाऱ्या, परंतु घर, शेत व ग्रामदैवत यांच्या नात्याने गावाशी बांधलेल्या कोकणी माणसास रूढ असलेली मराठी संज्ञा. तिचे पूर्वपद ‘चाकर’ हे मूळचे फार्सी असून त्याचा अर्थ सेवक असा होतो. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ अशी उतरंड मानणाऱ्या समाजात चाकरीचे स्थान गौण होते. कोकणात मात्र केवळ शेतीवर वर्षाचे पोट भरत नसल्याने तिला निराळे महत्त्व आले.

रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुका या स्थितीचे बोलके उदाहरण होय. डोंगरउताराची जमीन, पावसावरील भात-नाचणीचे पीक आणि खोताला द्यावा लागणारा धान्याचा वाटा यांमुळे कुळांच्या हाती थोडेच उरे. खोती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली. तोवर मुंबईची वाट रुळली होती. तेथे १८५४ पासून कापडगिरण्यांचा उद्योग सुरू झाला. १९११ च्या जनगणनेनुसार गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा त्यातच समाविष्ट होता. परळ-लालबागच्या चाळींत एका गावचे अनेकजण एकाच खोलीत राहत. टपाल खात्याने १८८० मध्ये सुरू केलेल्या मनीऑर्डरीच्या सोयीने त्यांचा पैसा गावी पोहोचे. मागे शेतीचा भार प्रामुख्याने स्त्रिया व वृद्ध वाहत.

पुढे या संज्ञेचा अर्थ पालटला. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या, तरी शब्द टिकला. मुंबईत स्वतःचे दुकान चालविणाराही गावी चाकरमानीच ठरतो. गणपती व शिमग्याला परतणारा गावकरी, हाच आता तिचा मुख्य अर्थ आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यावर लांजा तालुक्यातील आडवली व विलवडे या स्थानकांमुळे ही ये-जा सुकर झाली.

‘चाकर’ या पदातील कमीपणाच्या छटेमुळे संज्ञेस आक्षेपही घेण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये शासकीय व्यवहारात तिच्याऐवजी ‘कोकणवासीय’ हा शब्द वापरण्याचे निर्देश देण्यात आले. नव्या शब्दाने माणसाची भूमी सांगितली जाते. ती सोडून त्याला का जावे लागले, हे मात्र जुन्याच शब्दातून कळते.