रोमचा विभक्तितक्ता खान्देशात

बाप, बापना, बापले. जळगाव-धुळ्याकडच्या अहिराणीत नाम असे चालते. लॅटिनमध्ये हाच क्रम पातेर, पात्रिस, पात्री असा होतो. या दोन रांगा एकाच तक्त्यात मांडण्याची पद्धत कुठून आली, हे पाहायला आपण आधी रोमला जाऊ. इ.स.पू. पहिल्या शतकात रोमन पंडित व्हॅरोने लॅटिन भाषेवर मोठा ग्रंथ लिहिला आणि ग्रीकात नसलेल्या सहाव्या विभक्तीची नोंद केली. ‘पासून’, ‘ने’ असे अर्थ वाहणारी ही विभक्ती त्याने लॅटिनची स्वतःची मानली. चौथ्या शतकात डोनाटसने प्रश्नोत्तरांच्या रूपात एक छोटे व्याकरण रचले. पुढे हजार वर्षे युरोपातली मुले त्यावरून सहा विभक्त्या घोकत राहिली. त्याचाच शिष्य जेरोम. शुभवर्तमानांचा लॅटिन पाठ त्याने सिद्ध केला आणि घर सोडून गेलेल्या मुलाची व त्याच्या बापाची कथाही त्यात आली. ही कथा पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

1572 मध्ये मॅन्युएल अल्वारेझ या जेझुइटाचे लॅटिन व्याकरण छापले गेले आणि त्या पंथाच्या शाळांतून सर्वत्र पोहोचले. 1579 मध्ये त्याच पंथाचा थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरला. त्याचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापून झाले. 1619 मध्ये तो वारला आणि त्याचे कोकणीचे व्याकरण 1640 मध्ये रायतूरला निघाले. त्याची चौकट लॅटिनची आहे, पण माझ्या मते खरी कसोटी त्या चौकटीचीच लागली. लॅटिनमध्ये विभक्ती आणि वचन एकाच शेपटात मिसळलेले असतात. आपल्याकडे आधी सामान्यरूप होते, मग त्याला प्रत्यय लागतो. 1778 मध्ये रोममध्ये पोर्तुगीजातून मराठीचे व्याकरण छापले गेले. 1805 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीने पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साह्याने दुसरे काढले. 1836 मध्ये दादोबा पांडुरंगांनी वाक्यविचार इंग्रजीकडून घेतला, तरी प्रथमा ते सप्तमी आणि संबोधन ही संस्कृताची मांडणी कायम ठेवली. मराठी शाळेत मग हीच रुजली.

लॅटिनचा तक्ता खान्देशात मात्र वेगळ्या वाटेने आला. 1906 मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश अधिकारी ग्रिअर्सन याच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा भिल्ली आणि खान्देशी बोलींचा खंड निघाला. या सर्वेक्षणाची प्रमाण यादी 241 शब्दवाक्यांची होती, आणि तिच्यात बाप, बापाचा, बापाला, बापापासून अशी रूपे एकापाठोपाठ विचारलेली होती. डोनाटसच्या धड्याचीच ही सावली. प्रत्येक बोलीत उतरवून घेतलेली नमुन्याची गोष्टही जेरोमची, घर सोडलेल्या मुलाचीच. उत्तरांतला ‘ना’ गुजरातीच्या ‘नो’शी जुळत होता. अशा रूपांवरून ग्रिअर्सनने खान्देशीला मराठीची पोटबोली न मानता गुजरातीजवळ बसवले. या निवाड्यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते. पण आपल्या प्रत्ययांना प्रथमच इतके वजन मिळाले, हे मला मोलाचे वाटते. त्याच सुमारास, 1909 मध्ये, वि. का. राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीतल्या मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. 1926 मध्ये धुळ्यात त्यांचे निधन झाले, आणि त्यांचे दप्तर तिथल्या संशोधन मंडळाने जपले. त्यांची वाट मात्र संस्कृत-प्राकृतातून प्रत्ययांचा उगम शोधण्याची होती.

आज खान्देशातला कुणी विद्यार्थी लॅटिन भाषांतराला बसला, तर ‘पातेर फिलिउम विदेत’ हे वाक्य त्याला ‘बाप पोऱ्याले देखस’ असे सहज उतरवता येते. शब्द उलटे ठेवून ‘फिलिउम पातेर विदेत’ केले, तरी ‘पोऱ्याले बाप देखस’ म्हणून अर्थ तोच राहतो, कारण कर्म शेवटावरून ओळखू येते. अडखळायला होते ते क्रियापदाशी. अहिराणीत ‘मी देखस’, ‘तू देखस’, ‘तो देखस’ असे एकच रूप चालते. लॅटिनमध्ये विदेओ, विदेस, विदेत ही रूपे निराळी असतात आणि कर्ता बहुधा गाळला जातो. म्हणून त्याने आधी क्रियापद शोधावे, त्याचा शेवट पाहून पुरुष ठरवावा आणि मगच नामांकडे वळावे.