अणुऊर्जा व विज्ञानशिक्षक, महाराष्ट्रातील

अणुकेंद्राच्या भंजनातून मिळणाऱ्या ऊर्जेविषयी शालेय विज्ञानशिक्षकांची भूमिका कशी घडत गेली, हा महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील एक महत्त्वाचा विषय होय. देशातील पहिली अणुभट्टी व पहिले अणुवीज केंद्र ही दोन्ही याच राज्यात उभी राहिली. त्यामुळे पाठ्यपुस्तकातील सिद्धांत आणि प्रत्यक्ष सार्वजनिक प्रश्न यांची गाठ येथील शिक्षकाला लवकर पडली.

या इतिहासाचा एक धागा अहमदनगरशी (२०२४ पासून अहिल्यानगर) निगडित आहे. १९४२–४५ या काळात जवाहरलाल नेहरू येथील भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध होते. तेथे १९४४ मध्ये लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथात त्यांनी वैज्ञानिक वृत्तीचा पुरस्कार केला. पुराव्याशिवाय काहीही न स्वीकारणे व नवा पुरावा मिळताच मत बदलण्यास तयार असणे, हे तिचे सार होय. पुढे पंतप्रधान या नात्याने त्यांनीच १९४८ चे अणुऊर्जा विधेयक मांडले. त्यातील गुप्ततेच्या तरतुदींवर त्याच वेळी टीका झाली होती. खुली चिकित्सा आणि शासकीय गुप्तता यांतील हा ताण पुढे विज्ञानशिक्षकाच्याही वाट्याला आला.

१० ऑगस्ट १९४८ रोजी होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली, तर तारापूर येथील प्रत्येकी २१० मेगावॉट क्षमतेच्या दोन अणुभट्ट्यांतून १९६९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणात विज्ञान अनिवार्य करण्याची शिफारस केली. मराठी विज्ञान परिषद (१९६६) व होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (१९७४) यांमुळे शिक्षकांना पूरक साहित्य व मार्गदर्शन मिळू लागले. या पर्वात अणुऊर्जेकडे मुख्यतः स्वावलंबनाचे प्रतीक म्हणून पाहिले जात असे. १९७६ मध्ये घटनादुरुस्तीने वैज्ञानिक वृत्तीचा विकास हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले.

थ्री माइल आयलंड (१९७९) व चेर्नोबिल (१९८६) येथील अपघातांनंतर सुरक्षिततेचा प्रश्न वर्गापर्यंत आला. तो केवळ भावनेचा नव्हता. साखळी विक्रिया थांबविल्यावरही भंजनातून निर्माण झालेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांमुळे उष्णता उत्पन्न होत राहते. सुरुवातीस ती पूर्ण शक्तीच्या सु. ६ ते ७ टक्के असते. म्हणून भट्टी बंद करणे पुरेसे नसते, तिचे शीतनही चालू राहावे लागते. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे त्सुनामीमुळे हीच शीतनव्यवस्था निकामी झाली. तेथील भट्ट्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या होत्या.

शिक्षकांपुढील पेच सर्वांत तीव्रतेने प्रकट झाला तो जैतापूर प्रकल्पाच्या संदर्भात. रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातील माडबन परिसरात प्रत्येकी १,६५० मेगावॉट क्षमतेच्या सहा अणुभट्ट्या योजिल्या होत्या. २०१० च्या अखेरीस, परिसरातील शाळांत शिक्षकांनी अणुऊर्जेचे फायदे सांगावेत अशा शासकीय सूचनेच्या निषेधार्थ पालकांनी मुलांना काही काळ शाळेत पाठविले नाही. १८ एप्रिल २०११ रोजी आंदोलनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात एक आंदोलक मृत्युमुखी पडला. अशा ठिकाणी शिक्षक हा शासनाच्या आदेशाला बांधील असतो, गावाच्या विश्वासावर त्याचे काम चालते आणि विज्ञानाशीही त्याला प्रामाणिक राहावे लागते. या तीन निष्ठा तेथे परस्परविरोधी ठरल्या.

अणुवीजनिर्मितीत कर्बवायूचे उत्सर्जन अत्यल्प असते, हे जितके खरे तितकेच तिच्या दीर्घकाल किरणोत्सर्गी राहणाऱ्या अवशिष्टांची व्यवस्था कठीण असते, हेही खरे. यांपैकी एकच बाजू शिकविणे म्हणजे प्रचार होय, मग तो समर्थनाचा असो वा विरोधाचा. विद्यार्थ्याला निर्णय देण्यापेक्षा निर्णयाची साधने देणे, हेच विज्ञानशिक्षकाचे कार्य ठरते.