खोली तीच, क्षेत्रफळ वेगळे

लांबी गुणिले रुंदी म्हणजे क्षेत्रफळ, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण लांबी मोजायची कुठून कुठपर्यंत? आतून १० मीटर लांब व ८ मीटर रुंद अशी खोली घ्या. भिंतींची जाडी ३० सेंटिमीटर. आतले क्षेत्रफळ ८० चौरस मीटर. भिंतींच्या मध्यरेषेपासून मोजले तर सुमारे ८५.५. बाहेरून मोजले तर ९१ हून थोडे अधिक. टेप अचूकच आहे, तरी फरक ११ चौरस मीटरचा! भाडे चौरस मीटरवर ठरत असेल, तर भिंतींचे भाडे कोणी भरायचे?

अमेरिकेत उंच कार्यालयीन इमारती उभ्या राहिल्या, एकेका मजल्यावर अनेक भाडेकरू आले, तेव्हा हा प्रश्न रोजचा झाला. इमारतींचे मालक व व्यवस्थापक यांची राष्ट्रीय संघटना तिथे १९०७ साली स्थापन झाली होती. तिने १९१५ मध्ये कार्यालयांची जागा मोजण्याची पद्धत छापली. पुढे ती अनेकदा सुधारावी लागली, कारण इमारतीच बदलत गेल्या. उदाहरणार्थ, बाहेरची भिंत बरीचशी काचेची असेल तर? १९९६च्या आवृत्तीतले उत्तर मजेदार आहे: जमिनीपासून छतापर्यंतच्या उंचीत निम्म्याहून अधिक काच असेल, तर काचेच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत मोजायचे. म्हणजे खिडकी उंच केली की भाड्याची जागा वाढते!

खरा वाद मात्र सामाईक जागेचा. तळमजल्यावरचे प्रवेशदालन सगळेच वापरतात. १९९६च्या नियमाने त्याचा वाटा सर्व मजल्यांवरच्या भाडेकरूंवर विभागला. समजा हा भार २५ टक्के आहे. तर ८० चौरस मीटर वापरणारा १०० चौरस मीटरचे भाडे भरतो.

देशोदेशी व्याख्या निराळ्या, म्हणून २०१४ मध्ये कार्यालयांसाठी आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. आपल्याकडे जोते-क्षेत्र, चटई-क्षेत्र व भाडेयोग्य क्षेत्र मोजण्याचे भारतीय मानक १९६६ पासून आहे. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने चटई-क्षेत्राची व्याख्या केली. तीत बाहेरच्या भिंती वगळल्या आहेत, आतले आडोसे मात्र धरले आहेत. ती दुकाने व कार्यालये यांनाही लागू आहे, पण विक्रीपुरती. भाड्याने घेणाऱ्याला करारातला 'चौरस फूट' कार्पेट, बिल्ट-अप की सुपर बिल्ट-अप, हे आजही स्वतःच विचारावे लागते.