नथ जुनी कीं नवी?

ओठ टोंचून त्यांत कडी अडकविण्याची चाल आतां आपल्याकडील तरुण मंडळींतही दिसूं लागली आहे. घरांतील वडीलधारी माणसें तीवर एकच आक्षेप घेतात : नाक-कान टोंचणें हा आपला प्राचीन संस्कार, हें थेर मात्र परकें! कानापुरतें हें म्हणणें खरें आहे. नाकाविषयीं मात्र इतिहास निराळीच साक्ष देतो.

ही साक्ष वाशीमकरांच्या अगदीं घरची आहे. आजचें वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. त्या शाखेचा राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव यानें पांचव्या शतकांत अजिंठ्याचें १६ व्या क्रमांकाचें लेणें कोरविलें. त्या काळच्या अजिंठ्याच्या चित्रांतील स्त्रिया पाहाव्या : कानांत कुंडलें, गळ्यांत मोत्यांचे सर, हातांत कंकणें, नाक मात्र मोकळें! डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनींही १९३८ सालच्या आपल्या ग्रंथांत, नाकांतील दागिना प्राचीन हिंदूंस ठाऊक नव्हता, असेंच प्रतिपादिलें. तोच दागिना पुढें इतका रुळला कीं, नथेवांचून मराठी नवरी आम्हांस कल्पवत नाहीं.

वैद्यकाची साक्षही अशीच आहे. मूल सहा-सात महिन्यांचें झालें म्हणजे पाळी ताणून, जेथें सूर्यप्रकाश आरपार दिसेल तेथेंच कान टोंचावा, मग वात घालून तेल सोडावें, असें सुश्रुत सांगतो. जागा चुकल्यास ज्वर, दाह व सूज येते, असेंही बजावतो. तुटलेलें नाक सांधण्याची कृति देणारा हा आचार्य नाक टोंचण्याचा विधि मात्र देत नाहीं.

तेव्हां 'परकें' एवढ्यानें निकाल लागत नाहीं. खरी परीक्षा सुश्रुताचीच : जागा कोणती, आणि मागून निगा कशी? कानाची पाळी मऊ असते. नाकपुडीच्या वरच्या भागांत कूर्चा असल्यानें तेथील जखम चिघळल्यास लवकर भरत नाहीं. ओठांतील कडीची चकती तर हिरडीवर व दांतांवर अहोरात्र घासते. त्यामुळें हिरडी मागें सरते, दांताचा टवका उडतो. धातूंत निकेल असल्यास पुष्कळांच्या कातडीस खाज सुटते व पुरळ उठतें. सुई निर्जंतुक नसल्यास रक्तावाटे रोग जडतो.

मुलीस रागें भरण्यापूर्वीं आपण हें तिला समजावून सांगावें. जी नथ आपण आजीची म्हणून जपतों, तीही एके काळीं कोणा आजीस नवीच वाटली असेल.