दरबारची कृपा आणि रयतेचा हिशेब : धार व देवास

माळव्यात मराठ्यांची जी घराणी कायमची वसली, त्यांत पवारांच्या घराण्याचे स्थान मोठे आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेशव्यांच्या स्वाऱ्यांबरोबर नर्मदापार गेलेल्या या घराण्याची एक शाखा धारला नांदू लागली. तुकोजी आणि जिवाजी या दोघा बंधूंनी देवासला आपले बस्तान बसविले. आज मराठी माणसाला धार आठवते ती भोजराजामुळे आणि देवास आठवते ते कुमार गंधर्वांमुळे. परंतु या दोन्ही ठिकाणी दोन शतकांहून अधिक काळ राज्यकारभार चालला होता आणि त्या कारभाराची स्वतःची अशी एक नीती होती. बंदोबस्त कोणी राखावा, भुकेल्याला अन्न कोणी द्यावे, खजिना कोणी खर्चावा आणि या सर्वांबद्दल जाब कोणी विचारावा, या चार प्रश्नांची त्या नीतीने दिलेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या धाडींनी आणि बलाढ्य शेजाऱ्यांच्या खंडणीने ही संस्थाने खिळखिळी झाली होती. १८१८ च्या डिसेंबरात देवासने आणि १८१९ च्या जानेवारीत धारने इंग्रजांशी तह केला. विंध्याच्या घाटवाटांवर भिल्ल नायकांचा दरारा असे. जॉन माल्कम याने त्यांच्याशी जे करार केले त्यांचा मथितार्थ असा, की नायकाला ठराविक रक्कम मिळावी आणि त्याच्या हद्दीत वाटसरू लुटला गेल्यास त्याची जबाबदारी त्याने घ्यावी. उपाय जुनाच होता, पण वाटा निर्धोक करण्यास तो उपयोगी पडला. तथापि या नव्या स्वास्थ्याबरोबर एक गोष्ट नकळत बदलली. पूर्वी कर असह्य झाला म्हणजे रयत गाव सोडून जाई, सरदार रुसत आणि राजाला नमते घ्यावे लागे. आता राजाच्या पाठीशी परकी फौज उभी होती. त्याचे आसन स्थिर झाले, मात्र ते रयतेच्या संतोषावर अवलंबून राहिले नाही.

याचा प्रत्यय धारला १८५७ मध्ये आला. त्या वर्षी गादीवर आलेला राजा अल्पवयीन होता. दरबारने नोकरीस ठेवलेल्या अरब व अफगाण शिपायांनी बंड करून किल्ला ताब्यात घेतला. ऑक्टोबरात इंग्रज फौजेने किल्ल्याला वेढा घातला. महिनाअखेर आतील लोक रात्री निसटून गेले आणि १८५८ मध्ये संपूर्ण संस्थान खालसा करण्यात आले. पुढे १८६० मध्ये ते तिसऱ्या आनंदरावांना परत मिळाले, परंतु बेरसिया परगणा त्यातून वगळून भोपाळला देण्यात आला. राज्य गेले ते इंग्रजांच्या हुकमाने आणि परत आले तेही त्यांच्याच हुकमाने. धारच्या प्रजेचे मत या दोन्ही वेळी कोणी विचारले नाही. राज्य टिकवावयाचे असेल तर एजंटसाहेबांची मर्जी सांभाळली पाहिजे, हा धडा माळव्यातील सर्वच दरबारांनी यावरून घेतला असल्यास नवल नाही.

देवासची तऱ्हा आणखी वेगळी. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती. गावाच्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका महाराजांची, तर दुसरी बाजू दुसऱ्यांची. देवीच्या टेकडीचीही वाटणी झालेली. दोन राजवाडे, दोन न्यायासने, दोन फौजा, एवढेच नव्हे तर पाणीपुरवठ्याची व्यवस्थाही दोन. भाऊबंदकीत मानापमान सांभाळण्यासाठी केलेली ही तडजोड होती आणि तिने भावाभावांत तरवार उपसली जाऊ दिली नाही, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. पण या दुहेरी डामडौलाचा खर्च अखेर त्याच शेतकऱ्याच्या सारावसुलीतून निघत होता.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने माळव्यासारख्या सुपीक प्रदेशालाही सोडले नाही. धारमध्ये त्या काळी कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टर मार्गारेट ओ'हारा रुग्णसेवा करीत होत्या. दुष्काळाने पोरक्या झालेल्या मुलांना त्यांनी आश्रय दिला. ज्यांचे प्राण अशा मदतीने वाचले त्यांच्या दृष्टीने तिचे मोल कोणत्याही शब्दांत मावणारे नाही. परंतु दरबारचे अन्नछत्र असो की मिशनचा आश्रम, दोन्हींचा उगम देणाऱ्याच्या अंतःकरणात होता. ‘मायबाप सरकार’ या शब्दांत हा सारा संबंध साठविलेला आहे. लेकराने आईबापांकडे मागावे, हट्ट करावा, रडावे. हिशेब मात्र मागू नये.

खजिन्याची कथा याहून उद्बोधक आहे. माळव्याच्या काळ्या जमिनीतून निघणारी अफू ही येथील संस्थानांच्या उत्पन्नाची मोठी बाब होती. १९०७ मध्ये इंग्रज सरकारने चीनशी करार केला आणि दरवर्षी निर्यात घटवीत १९१३ मध्ये हा व्यापार थांबला. अफूच्या व्यसनातून लक्षावधी चिनी कुटुंबे सुटावीत हे न्याय्यच होते. पण उत्पन्न घटले म्हणून दरबारांचा खर्च घटेलच असे नव्हते.

देवास थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव पवार हे बुद्धिमान, धर्मनिष्ठ आणि अत्यंत लोभस गृहस्थ होते. शाहू छत्रपतींचे ते जामात. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये काही महिने त्यांचे खाजगी चिटणीस होते. बागा, मोटारी, अतिथिगृह आणि वीजघर यांवर त्यांना देखरेख करावी लागे. १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी महाराजांविषयीचा अपार जिव्हाळा व्यक्त केला आहे. त्याच पुस्तकात नव्या राजवाड्याचेही वर्णन आहे. त्याचे काम चालूच होते आणि पूर्ण होण्यापूर्वीच तो ढासळू लागला होता. कर्ज वाढत गेले. सरकारने आर्थिक कारभारात लक्ष घालण्याचे ठरविताच १९३३ मध्ये तुकोजीराव यात्रेच्या निमित्ताने निघाले आणि फ्रेंचांच्या ताब्यातील पाँडिचेरीत जाऊन राहिले. तेथेच १९३७ मध्ये त्यांचा अंत झाला. या शोकांतिकेचे कारण महाराजांची दुष्टता नव्हे. इतक्या सज्जन माणसाला, ‘महाराज, हा खर्च परवडणारा नाही’ असे अधिकाराने सांगू शकेल अशी एकही संस्था त्या राज्यात प्रभावी नव्हती. हिशेब विचारला तो परक्या सरकारने, आणि तोही खजिना रिता झाल्यावर.

रयतेने हा प्रश्न आधीच विचारावा यासाठी प्रतिनिधी हवे होते, वृत्तपत्रे हवी होती. परंतु १९२२ मध्ये संस्थानिकांविरुद्ध ब्रिटिश हद्दीतील पत्रांतून अप्रीती पसरविली जाऊ नये म्हणून कायदा करण्यात आला. मध्यवर्ती विधिमंडळाने त्यास नकार दिला असता व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो अमलात आणला. १९३५ च्या कायद्यातील संघराज्याच्या योजनेत कनिष्ठ सभागृहाच्या ३७५ जागांपैकी १२५ संस्थानांना दिल्या होत्या, पण त्या भरावयाच्या होत्या राजांच्या नेमणुकीने. ती योजना प्रत्यक्षात आलीच नाही. प्रौढ मताची पेटी धार-देवासच्या प्रजेच्या दारी आली ती राज्ये विलीन झाल्यावर. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत अस्तित्वात आला. धार आणि देवासची दोन्ही राज्ये त्यात समाविष्ट झाली. १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत देवासच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रौढांना प्रथमच सारखे एकेक मत मिळाले.

राजघराण्यांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले, पण त्यांच्याविषयीचा आदर कायद्याने संपणारा नव्हता. थोरल्या पातीचे वंशज तुकोजीराव पवार हे १९९० पासून २०१५ मधील आपल्या मृत्यूपर्यंत देवासचे आमदार होते आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी गायत्रीराजे निवडून आल्या. कोणी याला जुन्या निष्ठेचा विजय म्हणेल. तो असेलही. परंतु पणजोबांना जे कधी करावे लागले नव्हते ते पणतवाला दर पाच वर्षांनी करावे लागले : रयतेच्या दारी जाऊन मत मागणे.

मत मागणारा आला म्हणजे हिशेब मागण्याची संधी आपोआप येते. ती घ्यावयाची की नाही हे मात्र मतदारावर अवलंबून असते. धान्य, औषध, निवृत्तिवेतन यांच्या योजना आजही जाहीर होतात आणि घेणारा कित्येकदा देणाऱ्यापुढे हात जोडतो. ज्या पैशातून त्या चालतात तो पैसा आपलाच आहे, हे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे. देवासच्या प्रजेला १९३३ पूर्वी ते कोणी सांगितले असते, तर एका सज्जन राजाला आपले राज्य सोडून परक्या मुलखात मरण पत्करावे लागले नसते.