आडनाव नसलेलं झुडूप

ज्यांची मुलं-भाचरं अमेरिकेत आहेत त्यांनी तिथल्या घरांच्या फोटोत हे झुडूप पाहिलं असेल. अंगणाच्या उतारावर सतरंजी अंथरावी तसं पसरलेलं, जेमतेम वीतभर उंच, निळसर हिरवं, सदाहरित. हे आडवं ज्युनिपर. गवत कापायचा कंटाळा असलेल्यांचा मोठाच आधार!

मूळचं ते कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतल्या खडकांवरचं, वाळूतलं. मोएंख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९४ मध्ये त्याला 'होरिझोन्टालिस' हे नाव दिलं. त्याच्या फांद्या जमिनीलगत धावतात आणि माती मिळेल तिथे मुळं धरतात.

१९१४ मध्ये मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या व्हायनलहेवन बेटावर जेकब व्हॅन हाइनिंगेन नावाच्या नर्सरीवाल्याला यातलंच एक अगदी चपटं, निळसर झुडूप सापडलं. बेट ग्रॅनाइटच्या खाणींचं, समुद्रवाऱ्याचं. बियांपासून रोपं केली तर प्रत्येक वेगळं निघणार, म्हणून त्याची वाढ करायची ती छाट कलमांनी. म्हणजे आज 'ब्लू रग' म्हणून जे विकलं जातं ते त्या एकाच झुडपाचे तुकडे! शंभरहून जास्त वर्षं एकच जीव अंगणाअंगणांतून पसरतोय. आपल्या हापूसच्या कलमांचंही तसंच, फक्त तिथे मूळ दुसऱ्या आंब्याचं असतं.

गंमत पुढेच आहे. या झुडपाचं नाव पडलं 'विल्टोनी'. कारण हाइनिंगेनची नर्सरी होती कनेक्टिकटमधल्या विल्टन गावाजवळ. देवगडचा आंबा मुंबईत विकला गेला तरी देवगडचाच राहतो. आपली माणसंही गाव सोडताना नावापुढे 'कर' लावून गाव बरोबर नेतात. नातवंडांनी ते गाव पाहिलेलंही नसतं. या झुडपाला मात्र जिथे उगवलं त्या बेटाचं नाव मिळालं नाही, जिथून विकलं गेलं त्या गावाचं मिळालं.

पण सवयी गेल्या नाहीत. त्याला भरपूर ऊन हवं आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी, मग ती कितीही हलकी असो. सावलीत ते विरळ होतं, पाणी साचलं की मुळं कुजतात. लाड करून खोल काळी माती आणि रोज पाणी दिलंत तर ते रुसणारच. नाव विसरलं तरी खडक विसरलेलं नाही.

परदेशातल्या घरांत कांदेपोह्यांचा वास येतो, तो याच जातीचा असावा. असो.