सुप्याची होळी आणि बॅरिस्टरांचा सभात्याग

12 मे 1875. सुप्याचा बाजार. आज बारामती तालुक्यात असलेल्या या गावात आसपासचे कुणबी जमले, सावकारांच्या दुकानांत शिरले आणि त्यांनी वह्या-कर्जरोखे पेटवले. राग माणसांपेक्षा कागदावर जास्त होता.

कारण साधं होतं. शेजारच्या इंदापुरात 1836च्या सुमारास 30 वर्षांसाठी ठरलेला सारा 1867 मध्ये वाढला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते. पाऊस बेभरवशाचा, सारा मात्र रोखीत. मधलं अंतर सावकार भरून काढायचा आणि कोर्ट त्याचा रोखा खरा मानायचं. 1879च्या कायद्याने कोर्टाला रोख्यामागचा व्यवहार तपासायची मुभा दिली, तरी जमिनी सावकाराकडे जातच राहिल्या.

1901 मध्ये मुंबई सरकारने वेगळा उपाय काढला: सारा थकल्यामुळे जप्त झालेली जमीन परत द्यायची, पण विकायचा हक्क काढून.

या विधेयकाला भिडले फिरोजशहा मेहता. 1868 मध्ये बॅरिस्टर झालेले, मुंबई महापालिकेच्या 1888च्या कायद्यावर छाप पाडणारे, कोर्टातली उलटतपासणी विधिमंडळात आणणारे. शेतकरी उधळपट्टीने नव्हे, साऱ्याच्या कडकपणाने बुडतो, असं त्यांचं म्हणणं. विक्रीचा हक्क गेला की त्याची पत जाते आणि तो सरकारचं कूळ होतो. विधेयक लांबणीवर टाकण्याची मागणी फेटाळली गेली, तेव्हा ऑगस्टमध्ये ते सभागृहाबाहेर पडले. गोपाळ कृष्ण गोखल्यांसह आणखी काही सदस्यही बाहेर पडले. कायदा अर्थातच मंजूर झाला.

मला मेहतांचं निदान पटतं, पण उपाय अर्धाच पटतो. सुप्याच्या कुणब्याकडे विक्रीचा हक्क होताच. जमीन त्याच वाटेने गेली. सरकारने ती वाट बंद केली आणि किल्ली कलेक्टरकडे ठेवली. सारा कमी करायचं मात्र टाळलं. दोन्ही बाजू शेतकऱ्याच्या नावाने बोलल्या. कर्ज काढून सारा भरणारा शेतकरी त्या सभागृहात नव्हता.

मोबाइलवर सातबारा उघडा. 'भोगवटादार वर्ग 2' दिसलं, तर ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. या बंधनाचं एक मूळ 1901च्या त्या कायद्यात आहे. मेहता बाहेर पडले. त्यांनी विचारलेला प्रश्न अजून उताऱ्यावर आहे.